बीजगणिताचा सराव ताळ्यासकट: राशी, समीकरण आणि असमानता

वहीत ‘३क्ष + ६’ एवढंच लिहा आणि सातवीतल्या मुलाला म्हणा, ‘कर.’ बरीच मुलं पुढे आपल्या मनानं ‘= ०’ जोडतात आणि क्ष = −२ असं उत्तर काढून मोकळी होतात. काही जण तिनानं भागून क्ष + २ लिहितात. दोन्ही चूक आहे, कारण इथे सोडवायला काही दिलेलंच नाही. ३क्ष + ६ ही राशी आहे. तिचं रूप बदलता येतं, क्षची किंमत दिली तर तिची किंमत काढता येते, पण तिला ‘उत्तर’ नसतं.

सुरुवातीच्या बीजगणितात तीनच प्रकारची गणितं येतात आणि प्रत्येकात करायचं काम वेगळं असतं. राशी आली की तिला सोपं रूप द्यायचं किंवा दिलेली किंमत घालायची. समीकरण आलं की कोणत्या क्षसाठी दोन्ही बाजू सारख्या होतात ते शोधायचं. असमानतेत बहुतेक वेळा एका संख्येवर भागत नाही, संख्यांचा अख्खा पट्टा उत्तरात येतो. सुरुवातीच्या बऱ्याच चुका एकाचं काम दुसऱ्यावर केल्यानं होतात. म्हणून गणिताला हात लावण्यापूर्वी समासात एक शब्द लिहायची सवय लावा: रूप, उकल किंवा पट्टा.

इंदूरच्या मराठी घरांत याला आणखी एक पदर आहे. आजोबा सहगुणक (क्षला गुणणारी संख्या, जसा ३क्ष मधला ३) आणि राशी म्हणतात, नातवाच्या हिंदी पुस्तकात गुणांक आणि व्यंजक असतं, आणि इंग्रजी माध्यमात असेल तर कोएफिशियंट आणि एक्स्प्रेशन. शब्दांवरून वाद घालत बसू नका, मूल शाळेत जे म्हणतं तेच घरी चालवा. या लेखात मात्र मराठी शब्द आहेत, आणि पुस्तकातल्या ‘एक्स’च्या जागी क्ष.

अक्षर म्हणजे वस्तू नव्हे

छप्पन दुकानला, इंदूरच्या खाऊगल्लीत, तीन प्लेट पोहे आणि दोन प्लेट जलेबी घेतली. एका प्लेट पोह्याची किंमत प रुपये आणि एका प्लेट जलेबीची ज रुपये धरली तर बिल ३प + २ज रुपये. इथवर सगळे येतात. पण शिकवताना ‘प म्हणजे पोहे’ म्हटलं की घोळ सुरू होतो. प म्हणजे पोहे नव्हेत, ती पोह्यांच्या प्लेटची किंमत आहे, म्हणजे एक संख्या. पोहे आणि जलेबी एकाच ताटलीत घेता येतात, म्हणून मुलं ३प + २ज चं बिनदिक्कत ५पज करतात. त्यांना प = ३० आणि ज = ४० घालायला सांगा. खरं बिल ९० + ८० = १७० रुपये, आणि ५पज म्हणजे ५ × ३० × ४० = ६,००० रुपये. पुढचं समजवावं लागत नाही.

वस्तू आणि संख्या यांची गल्लत झाली की चांगली मोठी माणसंही आणखी एका ठिकाणी फसतात. ‘बसमध्ये बायका पुरुषांच्या दुप्पट आहेत’ हे वाक्य समीकरणात मांडा. बायका ब आणि पुरुष प धरले तर पेन आपोआप २ब = प लिहून जातं, कारण वाक्यात ‘बायका’ आणि ‘दुप्पट’ एकत्र ऐकू येतं. आकडे घालून बघा. पुरुष १० तर बायका २०. २ब = प मध्ये ४० = १० येतं, जे खोटं आहे. बरोबर मांडणी ब = २प. शाब्दिक गणित मांडून झालं की सोडवण्याआधी असे दोन सोपे आकडे घालून वाक्य खरं ठरतं का ते पाहावं.

भाषेतले काही शब्द आधीच घोटून ठेवले तर बरं. ‘क्षपेक्षा ५ ने कमी’ म्हणजे क्ष − ५, पण ‘५ पेक्षा क्षने कमी’ म्हणजे ५ − क्ष. दीडपट म्हणजे ३क्ष/२, सव्वापट म्हणजे ५क्ष/४, पाऊणपट म्हणजे ३क्ष/४. ‘क्ष आणि ४ यांच्या बेरजेची तिप्पट’ म्हणजे ३(क्ष + ४). इथे कंस विसरला तर ३क्ष + ४ होतं आणि आठचा फरक पडतो.

राशी: दहा घालून ताळा

हे उदाहरण घ्या:

४क्ष + ३ − २(क्ष − ५)

कंसाबाहेर −२ आहे. तो आत दोन्ही पदांना गुणतो: −२ × क्ष = −२क्ष आणि −२ × −५ = +१०. म्हणून

= ४क्ष + ३ − २क्ष + १०
= २क्ष + १३

नेहमीची चूक म्हणजे −२ × −५ चं −१० करणं. मग उत्तर २क्ष − ७ येतं. दिसायला हेही तितकंच सभ्य दिसतं, नुसतं बघून चूक सापडत नाही. इथे ताळा कामी येतो. क्षच्या जागी १० घाला. मूळ राशी: ४० + ३ − २ × ५ = ३३. आपलं उत्तर २क्ष + १३ = ३३. जुळलं. चुकीचं उत्तर २क्ष − ७ = १३. नाही जुळलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

दहाच का? शून्य घातलं तर क्ष असलेली सगळी पदं गायब होतात आणि त्यांतल्या चुका झाकल्या जातात. एक घातला तर क्ष आणि क्ष² सारखेच होतात. दोन घातले तर क्ष² आणि २क्ष दोन्ही ४ येतात. म्हणजे मुलं घाईत ज्या तीन संख्या निवडतात त्याच तिन्ही ताळ्याला सगळ्यात कच्च्या. दहाचा गुणाकार तोंडी होतो आणि तो सहसा फसवत नाही. ताळा जुळला नाही तर उत्तर नक्की चूक. जुळला तर बहुधा बरोबर, आणि पूर्ण खात्री हवी असेल तर आणखी एक संख्या घाला. दोन्ही राशींत क्षचा फक्त पहिला घात असेल तर दोन वेगळ्या किमतींना त्या जुळल्या म्हणजे त्या एकच आहेत.

दुसरी संख्या ऋण घ्यावी, म्हणजे चिन्हांचाही सराव होतो. ऋण किंमत घालताना कंस लिहायलाच हवा. क्ष = −३ असताना क्ष² − २क्ष म्हणजे (−३)² − २(−३) = ९ + ६ = १५. कंस न लिहिता −३² असं उतरवलं की मूल −९ लिहितं आणि मग सगळंच फिस्कटतं.

याच ताळ्यानं ७क्ष − क्ष = ७ ही चूकही पकडता येते: ७० − १० म्हणजे ६०, म्हणून उत्तर ६क्ष. एकट्या क्षचा सहगुणक १ असतो. तो लिहीत नाहीत, म्हणून मुलांना तो तिथे नाहीच असं वाटतं.

बरोबरचं चिन्ह

बरोबरचं चिन्ह १५५७ साली वेल्समधल्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी छापील पुस्तकात पहिल्यांदा वापरलं. दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघांइतकं एकमेकांसारखं दुसरं काही नसतं, हे त्यांचं कारण. म्हणजे चिन्हाच्या डाव्या आणि उजव्या अंगाला एकच किंमत असायला हवी. कॅल्क्युलेटरच्या बटणामुळे मुलांच्या डोक्यात मात्र त्याचा अर्थ ‘आता उत्तर’ असा बसलेला असतो. मग वहीत ४ × ३ = १२ + ५ = १७ अशी ओळ दिसते. १२ कधीही १७ नसतो. अंकगणितात हे खपून जातं, बीजगणितात मात्र इथूनच वाट चुकते. उपाय कंटाळवाणा आहे: समीकरण सोडवताना एका ओळीत एकच बरोबर, पुढची ओळ खाली, आणि सगळी बरोबरची चिन्हं एकाखाली एक.

समीकरण: दोन्ही बाजूंना तेच

समीकरण समजवताना सगळे तराजू आणतात. सुरुवातीला ते ठीक आहे: एका पारड्यातून जेवढं काढलं तेवढंच दुसऱ्यातून काढायचं. पण पारड्यात −४ किलो ठेवता येत नाही, त्यामुळे ऋण संख्या आल्या की तराजू लंगडा पडतो. नियम लक्षात ठेवावा तो एवढाच: दोन्ही बाजूंत तीच संख्या मिळवा, तीच वजा करा, तिनंच गुणा किंवा भागा, फक्त गुणताना-भागताना ती संख्या शून्य नको.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे सूत्र शिकवण्यांमध्ये फार चालतं. वेळ वाचतो हे खरं, पण सुरुवातीला त्यानं नुकसानच जास्त होतं. ३क्ष = १२ मध्ये ३ पलीकडे गेला, चिन्ह बदललं, म्हणून क्ष = १२ − ३ = ९. किंवा क्ष = १२/(−३) = −४. दोन्ही चुका याच सूत्राच्या. ३ इथे क्षला गुणतोय, म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागायचं आणि क्ष = ४. पहिले पंधरा-वीस दिवस मुलानं उजवीकडे कारण लिहावं, ‘दोन्हींतून ५ वजा’, ‘दोन्हींना ३ ने भागलं’. हात बसला की सूत्र वापरू दे.

आता एक चूक जवळून पाहू.

५(क्ष − २) = ३क्ष + ८
५क्ष − २ = ३क्ष + ८
२क्ष = १०
क्ष = ५

दुसऱ्या ओळीत ५ फक्त क्षला गुणला, −२ तसाच राहिला. मूल प्रामाणिकपणे ताळाही करतं, पण दुसऱ्या ओळीत: ५ × ५ − २ = २३ आणि ३ × ५ + ८ = २३. जुळलं! आणि उत्तर तर चूक. ताळा नेहमी छापील गणितात घालायचा, आपण लिहिलेल्या ओळीत नाही. मूळ गणितात ५(५ − २) = १५ आणि उजवीकडे २३. इथे पितळ उघडं पडतं.

उत्तर चूक आहे हे कळलं तरी कोणत्या ओळीत चुकलं ते शोधायचं राहतंच. सगळं खोडून पुन्हा करू नका. आलेलं उत्तर, इथे ५, खालच्या ओळीपासून वर एकेका ओळीत घालत जा. शेवटून तिसऱ्या ओळीपर्यंत ते जुळतं, पहिल्या ओळीत जुळत नाही. म्हणजे चूक पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये, कंस सोडवताना झाली. दुरुस्त केल्यावर:

५क्ष − १० = ३क्ष + ८
२क्ष = १८
क्ष = ९

ताळा: ५ × ७ = ३५, २७ + ८ = ३५.

अपूर्णांक आले की राशी आणि समीकरण यांतला फरक पुन्हा डोकं वर काढतो. क्ष/२ + क्ष/३ = १० हे समीकरण आहे, म्हणून दोन्ही बाजूंना ६ ने गुणून ३क्ष + २क्ष = ६० आणि क्ष = १२. उजवीकडचा १० गुणायचा राहिला तर क्ष = २ येतं. पण नुसतं क्ष/२ + क्ष/३ दिलं असेल तर सहाने गुणायचा अधिकारच नाही, कारण दुसरी बाजूच नाही. तिथे उत्तर ५क्ष/६. वहीत ५क्ष दिसलं तर समजा की मुलानं राशीला समीकरण मानलं.

कधी कधी क्ष दोन्ही बाजूंनी नाहीसा होतो. २क्ष + ५ = २क्ष + ९ मध्ये ५ = ९ उरतं. हे कधीच खरं होत नाही, म्हणून उकल नाही. २(क्ष + ३) = २क्ष + ६ मध्ये ६ = ६ उरतं. हे कायम खरं, म्हणून प्रत्येक संख्या उकल आहे. दोन्ही ठिकाणी मुलं क्ष = ० लिहून टाकतात. तसं नाही.

सरावाला एक जुनं गणित. इंदूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या उज्जैनशी ज्यांचं नाव परंपरेनं जोडलं जातं त्या भास्कराचार्यांच्या, ११५० च्या सुमाराच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात ते आहे. एकाजवळ ६ घोडे आणि ३०० रुपये. दुसऱ्याजवळ तसेच १० घोडे, पण त्याच्या डोक्यावर १०० रुपयांचं कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी. घोड्याची किंमत किती? त्या काळी अज्ञात राशीसाठी ‘या’, म्हणजे यावत्तावत्, आणि नुसत्या संख्येसाठी ‘रू’, म्हणजे रूप, अशी अक्षरं लिहीत, आणि दोन बाजू एकाखाली एक मांडत:

या ६ रू ३००
या १० रू १००

खालच्या १०० वर ऋणाची खूण म्हणून बिंदू असे. मांडणी अशी की या खाली या, रू खाली रू. सजातीय पदं आपोआप एका उभ्या रांगेत येतात, म्हणजे ६या आणि ३०० यांची बेरीज करण्याचा मोहच होत नाही. आपल्या पद्धतीनं ६क्ष + ३०० = १०क्ष − १००, म्हणजे ४०० = ४क्ष, क्ष = १००. ताळा: ९०० आणि ९००. लहान सहगुणकाचा क्ष मोठ्याच्या बाजूला नेला की ऋण सहगुणक टळतो. ही सवय पुढे असमानतेत फार उपयोगी पडते.

असमानता: पट्टा आणि त्याची कड

शाळेत असमानता सविस्तर बऱ्याच उशिरा, अकरावीत येते. पण समीकरण जमलं की एकाच गोष्टीची भर: दोन्ही बाजूंना ऋण संख्येनं गुणलं किंवा भागलं की चिन्ह उलटतं. का, ते संख्यांत दिसतं. २ < ५ खरं आहे. दोन्हींना −१ नं गुणलं तर −२ आणि −५, आणि −२ मोठा. संख्यारेषेवर शून्याच्या पलीकडे गेल्यावर क्रम उलटा होतो.

−२क्ष < ६ मध्ये −२ नं भागा आणि चिन्ह उलटा: क्ष > −३. भीती वाटत असेल तर −२क्ष उजवीकडे न्या: ० < ६ + २क्ष, मग −६ < २क्ष, मग −३ < क्ष. चिन्ह उलटवायची वेळच आली नाही. मात्र −३ < क्ष हे उलटं लिहिताना क्ष > −३ लिहायचं. घाईत क्ष < −३ लिहिणारे बरेच. चिन्हाचं टोक जिकडे होतं तिकडेच, लहान संख्येकडे, राहायला हवं. आणि एक उलटी चूक: ३क्ष > −१२ मध्ये भागायची संख्या +३ आहे, म्हणून चिन्ह तसंच, क्ष > −४. उजवीकडे ऋण संख्या दिसली म्हणून चिन्ह उलटवायचं नसतं.

इथे ताळा तीन संख्यांनी करायचा: कडेची एक, पट्ट्यातली एक, बाहेरची एक. क्ष > −३ साठी −३ घातला तर ६ < ६, खोटं, म्हणून कड धरायची नाही आणि संख्यारेषेवर पोकळ गोल. ० घातला तर ० < ६, खरं. −४ घातला तर ८ < ६, खोटं. तिन्ही जुळले.

शाब्दिक गणितात मराठी शब्दच फसवतात. ‘कमीत कमी’मध्ये कमी आहे पण चिन्ह ≥, आणि ‘जास्तीत जास्त’मध्ये जास्त आहे पण चिन्ह ≤.

समजा लसणाची सेव २४० रुपये किलो, डबा ५० रुपयांचा, खिशात ५०० रुपये. जास्तीत जास्त किती सेव येईल?

२४०क्ष + ५० ≤ ५००
२४०क्ष ≤ ४५०
क्ष ≤ १.८७५

दुकानदार पावाच्या हिशेबानं देत असेल तर पावणेदोन किलो, म्हणजे ४२० + ५० = ४७० रुपये. दोन किलो मागितली तर ५३० होतात. इथे खाली उतरायचं. उलट ४७ जणांना महेश्वरला न्यायचंय आणि एका गाडीत १३ जण बसतात तर १३क्ष ≥ ४७, क्ष ≥ ३.६ च्या आसपास, आणि गाड्या ४ लागतात, कारण तीन गाड्यांत ३९च जण मावतात. जवळचा पूर्णांक घेण्याचा अंकगणितातला नियम इथे लागू नाही. खाली की वर, हे गणितातल्या परिस्थितीवरून ठरतं.

सराव कसा

एकाच प्रकारची तीस गणितं एका बैठकीत सोडवणं हा वेळेचा अपव्यय आहे. पाचव्या गणितानंतर मूल विचार करत नाही, वरच्यासारखं खाली उतरवतं. त्यापेक्षा रोज आठ-दहा, तिन्ही प्रकार मिसळून, आणि त्यांत दोन गेल्या आठवड्यातली. वहीचं पान उभं दुभागा: डावीकडे पायऱ्या, उजवीकडे ताळा. ताळा नसलेलं गणित झालं असं धरू नका, मग उत्तर पुस्तकाशी जुळलेलं का असेना. आठवड्यातून एकदा मुद्दाम चुकीचं सोडवलेलं गणित द्या आणि कोणती ओळ मोडली ते विचारा. हे मुलांना भलतंच आवडतं.

सुरुवातीला ही सहा. समासात आधी रूप, उकल की पट्टा ते लिहा.

१) ६क्ष − २(३ − क्ष) + ४
२) ४(क्ष + १) = ७क्ष − ११
३) क्ष/४ − १ = क्ष/६ + १
४) ५ − ३क्ष > १७
५) ३(क्ष + २) − क्ष = २क्ष + ७
६) पोह्यांची प्लेट जलेबीच्या प्लेटपेक्षा १० रुपयांनी स्वस्त. ४ प्लेट पोहे आणि २ प्लेट जलेबीचे २०० रुपये झाले. दोन्हींची किंमत काढा.

उत्तरं: १) ८क्ष − २, क्ष = १० घातल्यावर दोन्हीकडे ७८. २) क्ष = ५, दोन्ही बाजू २४. ३) क्ष = २४, दोन्ही बाजू ५. इथे १२ ने गुणताना −१ आणि +१ हेही गुणायला विसरू नका. ४) क्ष < −४. −५ घातलं तर २० > १७ खरं, −३ घातलं तर १४ > १७ खोटं, −४ ला दोन्ही बाजू १७ म्हणून कड बाहेर. ५) उकल नाही, ६ = ७ उरतं. ६) पोहे ३०, जलेबी ४०. पोह्यांची किंमत क्ष धरून ४क्ष + २(क्ष + १०) = २०० मांडा. २(क्ष − १०) मांडलं असेल तर पोहे ३६ रुपये ७० पैशांच्या आसपास येतात आणि जलेबी त्याहून स्वस्त निघते, म्हणजे गणितातल्या वाक्याच्या उलट.